बिघडलेल्या कम्प्युटरचे रविवार

पोरगी पुण्याला इंजिनिअरिंगला गेली आणि आमचं बोलणं दोन मिनिटांवर आलं. "जेवलीस का?" "जेवले." "अभ्यास?" "चालू हाय." "तब्येत?" "बरी. तुझी?" "मी मजेत." संपलं. दर रविवारी सकाळी ती हॉस्टेलजवळच्या बूथवरून फोन करायची. ती मीटरच्या लाल आकड्यांकडं बघत बोलते आहे, हे मला इकडं आखाडा बाळापुरात बसून कळायचं. फोन ठेवला की पुढच्या रविवारपर्यंत त्या घरात कुणी कुणाशी बोलायचं नाही.

तिचे वडील ती आठवीत असताना गेले. तेव्हापासून आम्ही दोघीच. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या आणि खाली घरमालकीण मावशींचं खटलं होतं. पोरगी होती तोवर घरात निदान भांडणं तरी व्हायची. माझा स्वभाव तापट, तिचाही तसाच. ती गेल्यावर कळलं की चिडायलासुद्धा समोर माणूस लागतं. एकटीपुरता स्वयंपाक मला जमेना. रोज दोघींच्या भाकरी थापायचे आणि सकाळी शिळ्या खायचे.

त्या वर्षांत सरकारनं आम्हा मास्तर लोकांना कम्प्युटरची परीक्षा सक्तीची केली होती. बाकीचे शिक्षक सरकारच्या नावानं बोटं मोडत क्लासला जायचे. मला मात्र ते आवडलं. मनात आलं, पोरगी जे शिकते आहे ते आपल्या घरात असलं तर तिच्याशी बोलायला काहीतरी राहील. हे खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही. शाळेत कुणी विचारलं तर म्हणायचे, निकालपत्रकं करायला बरं पडतं.

फोनवर सांगितलं तेव्हा ती कितीतरी दिवसांनी मोकळी हसली. "आई, तू कम्प्युटर घेणार? तू?" मग एकदम मास्तरीण झाली. कंपनीचा तयार घेऊ नको, सुटे पार्ट घे. मदरबोर्ड अमुक चांगला, प्रोसेसर तमुक. रॅम कमी देतील, ऐकू नको. पॉवर सप्लाय, म्हणजे एसएमपीएस, हलका देऊन फसवतात, हातात घेऊन वजन बघ. मी म्हणाले, वजनावर घ्यायचं म्हणजे भंगारच की. त्यावरही हसली. शेवटी म्हणाली, "सगळं सुटं आणून ठेव. दिवाळीत आले की दोघी मिळून जोडू."

मी नांदेडला गेले. दुकानदार म्हणाला, "म्याडम, फिट करून देतो ना. सुटं नेऊन काय लोणचं घालता का?" मी म्हणाले, घालीन नाहीतर वाळवण करीन, तुम्ही डबे द्या. एसएमपीएस सगळे हातात धरून बघितले आणि त्यातला सगळ्यात जड उचलला. येताना मॉनिटर गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतला. कंडक्टरनं वाकून बघितलं आणि म्हणाला, "लेकरू हाय का? अर्धं तिकीट लागंल." सगळी बस हसली. मला उगीच बरं वाटलं. मांडीवर काही घेऊन प्रवास करायला मला कितीतरी वर्षं झाली होती.

डबे खाटेखाली ठेवले. केर काढताना रोज दिसायचे. दसऱ्याच्या आधी तीनेक आठवडे असतील, तिचा फोन आला. दिवाळीनंतर लगेच परीक्षा आहे, यायला जमणार नाही. मी "बरं" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवला, दोनदा केर काढला, मग खाटेखालचे सगळे डबे बाहेर ओढले. रागात बायका भांडी घासतात, मी कम्प्युटर जोडला.

क्लासमध्ये सरांनी एक मशीन उघडून दाखवलं होतं, तेवढीच शिदोरी. प्रोसेसर खाचेत बसवला, वर त्याचा छोटा पंखा ठेवला. त्या पंख्याची पट्टी एवढी घट्ट की दाबताना वाटलं, खालचा मदरबोर्ड आता पापडासारखा मोडणार. वायरी जोडल्या. बटण दाबलं तर पडदा काळाच, आणि आतून नुसतं पीं, पीं. जोडला तो रागात, पण ते पीं पीं ऐकून मला रडूच फुटलं.

पुढच्या रविवारी तिला सांगितलं. नेहमीचं "जेवलीस का" बाजूला राहिलं. "कसं वाजतं? लांब का आखूड?" मला सांगता येईना. "रिसिव्हर त्याच्याजवळ धर." फोनची वायर ताणून मी रिसिव्हर कॅबिनेटला, म्हणजे कम्प्युटरच्या पेटीला, लावला आणि बटण दाबलं. तिकडं पुण्याच्या बूथमध्ये उभं राहून ती माझ्या घरातला तो आवाज ऐकत होती. मग म्हणाली, "रॅम बसली नसंल बराबर. काढ, पट्टीचे सोनेरी दात खोडरबरनं घास, पुन्हा दाब. खट वाजलं पाहिजे." मी वर्गातून जप्त केलेलं एक खोडरबर पर्समध्येच होतं. घासलं, दाबलं, खट वाजलं. पडद्यावर पांढरी अक्षरं आली तेव्हा मी एकटीच "आली! आली!" म्हणून ओरडले. खालून मावशींनी विचारलं, "पोरगी आली व्हय?"

पुढच्या रविवारी तक्रार निराळी. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या यायच्या. ती म्हणाली, घराला अर्थिंग न्हाई, चप्पल घालून बस. मी चप्पल घालून बसू लागले आणि कॅबिनेट लाकडी पाटावर ठेवलं. मग काही दिवस सगळं सुरळीत चाललं आणि आम्ही पुन्हा दोन मिनिटांवर आलो. जेवलीस का. जेवले. अभ्यास. चालू हाय. कम्प्युटर कोपऱ्यात बरा होता आणि मी त्याच्यावर वैतागले होते.

विजयादशमीला मी दरवर्षी नागपूरला जाते. आम्हा बौद्धांचा तो मोठा दिवस. किल्ली मावशींकडं ठेवून गेले. परत आले तर कॅबिनेटवर हळदीकुंकवाची बोटं आणि झेंडूचं एक फूल. दसऱ्याला मावशींकडं विळा-कोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्याची पूजा होते, त्यात माझ्या घरचं यंत्रही त्यांनी धरलं होतं. कुणी न विचारता माझ्या घरात पूजा केली म्हणून जरा चिडले. पण बाईचा जीव चांगला. फूल बाजूला ठेवलं, ओल्या फडक्यानं डाग पुसले आणि बटण दाबलं. सुरू झाला. थोड्या वेळानं फट्दिशी बंद पडला. थांबून पुन्हा लावला, चालला, पुन्हा बंद.

तिथून आमचे चांगले रविवार सुरू झाले. ती आठवडाभर डोकं चालवायची आणि रविवारी मला कामाला लावायची. आधी म्हणाली, तुझ्याकडं व्होल्टेज कमी, स्टॅबिलायझर लाव. लावला. मग व्हायरस. विंडोज पुन्हा टाकायला घेतली तर ती अर्ध्यात बंद पडायची. मग म्हणाली, एसएमपीएसच गेला असंल. मी नांदेडला जाऊन तो बदलून आणला, दुकानदाराशी भांडले, मशीन तसंच. प्रत्येक रविवारी ती विचारायची, "बंद व्हायच्या आधी काही वाजतं का? वास येतो का? पंखा फिरतो का?" मागचा पंखा घरघर करत असायचा, म्हणून मी सांगायचे, फिरतो की. लाल आकड्यांचं तिला भानच राहायचं नाही. बोलता बोलता मधेच सांगायची, आज मेसमध्ये वांगं होतं, खाल्लं न्हाई. खोलीतल्या मुली सिनेमाला गेल्यात. एवढंच, ओझरतं. खरं सांगायचं तर मशीन बंद पडल्याचं मला दुःख नव्हतं. शनिवारी संध्याकाळी मी ते लावून बघायचे आणि बंद पडलं की जीव भांड्यात पडायचा.

दिवाळी तशीच गेली. मावशींनी ताट भरून फराळ दिला. त्यातल्या करंज्या मी डब्यात घालून ठेवल्या, कुणासाठी ते मलाही माहीत नव्हतं. शाळेला सुट्टी, बाहेर फटाके, आणि मी चप्पल घालून बंद पडणाऱ्या मशीनपुढं बसलेली. इतकं एकटं मला हे गेल्यावरसुद्धा वाटलं नव्हतं. तेव्हा पोरगी जवळ होती.

सुट्टीतल्याच एका दुपारी मशीन बंद पडल्याबरोबर मी चिडून आत हात घातला. कॅबिनेटचं बाजूचं झाकण मी लावतच नव्हते. सारखं उघडायचं तर लावायचं कशाला? प्रोसेसरच्या पंख्याखालच्या पत्र्याला बोट लागलं आणि चटका बसला, तवाच जणू. टॉर्च आणून वायरींच्या आडोशाला नीट बघितलं. घरघर करायचा तो मागचा, एसएमपीएसचा पंखा. आतला हा छोटा फिरतच नव्हता, म्हणून प्रोसेसर तापून मशीन बंद पडत होतं. त्याच्या पात्यात आणि कडेत एक तांदळाचा दाणा अडकला होता. कुंकवानं लाल झालेला. खाली पत्र्याच्या फटींत आणखी चार-दोन.

माझ्या केसांच्या आकड्यानं ते दाणे काढले. बटण दाबलं. पंखा गरगर फिरला आणि मशीन चालत राहिलं. मी उठले, चहा केला, प्यायले, तरी ते चालूच.

दाणे तळहातावर घेऊन तरातरा खाली गेले. "मावशी, तुमी त्याच्यात अक्षता टाकल्या व्हय?"

"टाकल्या की. काहून? उघडंच व्हतं. नुसतं वरून कुंकू लावून पूजा व्हती का?"

"आवो, पण माझ्या घरात पूजा कशाला?"

मावशी शेंगा फोडत होत्या. त्यांनी वर बघितलं. "आमच्याकडं ट्रॅक्टर हाय, मोटार हाय, बैलं हायत. तुमच्या घरात दुसरं हाय काय, म्याडम? तेच्यापायीच तर तुमी पोरीसंग हसून बोलून राहिल्या. मला खालपर्यंत ऐकू येतं. म्हनलं, चालत राहू दे बाप्पा."

मी भांडायला गेले होते. न भांडता जिना चढून वर आले. वर मशीन चालूच होतं.

रविवार जवळ यायला लागला तशी मला धास्ती बसली. आता सांगायचं काय? सापडलंच नाही म्हणावं का? पण मला सांगायचंही होतं. पुण्याच्या पोरीला जे सापडलं नाही ते मला सापडलं होतं, आणि हे मिरवायला तिच्याशिवाय मला होतं कोण? फोन आला आणि मी एका दमात सगळं सांगून टाकलं. अक्षता, पंखा, चटका, आकडा, मावशी. ती खूप हसली. "तांदूळ! आई, तांदूळ! हे कुठल्याच पुस्तकात नसंल."

मग हसणं थांबलं. वाटलं, आता म्हणेल, बरं मग ठेवते.

"मंग आता काय बोलायचं, आई?"

चेष्टा करते आहे असं मला वाटलं. म्हणाले, "बोलायला काय, जेवलीस का?" तर ती एकदम फुटली, रडत सांगायला लागली. वर्गात सगळं इंग्रजीत चालतं, निम्मं कळत नाही. तोंड उघडलं की मुली हसतात, नुसतं 'न्हाई' म्हटलं तरी हसतात. म्हणून आठवडाभर ती तोंडच उघडत नव्हती. माझ्या मशीनचं दुखणं घेऊन लायब्ररीत बसायची, लॅबच्या सरांना जाऊन विचारायची. तिच्याजवळ विचारण्यासारखं तेवढंच होतं. सर म्हणायचे, तुझ्या आईचा पेशंट कसा आहे? तिथं तिच्याशी बोलणारं तेवढंच एक माणूस होतं.

"आता सरांकडं काय म्हणून जाऊ? मला इथं न्हाई करमत, आई. एकदाबी न्हाई करमलं."

इतके दिवस मी समजत होते की त्या बिघडलेल्या मशीनची गरज एकट्या मलाच आहे. पोरगी आपल्या नव्या जगात रमली आणि मी मागं राहिले, असंच धरून चालले होते. तिला समजवायला म्हणून मी तोंड उघडलं. अभ्यासाकडं लक्ष दे, दिवस जातील, असलं काहीतरी वर्गात सांगतो तसं सांगणार होते. आणि तोंडातून भलतंच निघालं.

"मलाबी न्हाई करमत गं."

ती रडायची थांबली. "तुला काहून?" तिनं विचारलं. "तू तर मजेत हाय ना?"

तिला खरंच माहीत नव्हतं. दर रविवारी मीच तिला तसं सांगत आले होते. मी फोनजवळ स्टूल ओढलं, बसले आणि रोज दोघींच्या भाकरी करते इथपासून सांगायला सुरुवात केली.