मफरूर

आमचे आबा, लिंबाजी, वय पंच्याऐंशी. झरीत कुणालाही विचारा, म्हणतील लय तिरसट म्हातारा. मी त्यांची नात राजेश्री. तिरसटपणा माझ्यातही उतरलाय, मी कुठल्या तोंडानं नावं ठेवू!

आबांचा बाप रामहरी निजामाच्या फौजेत शिपाई. एकेचाळीस साली इंग्रजांच्या मदतीला मलायात, कोटा भारूच्या विमानतळावर पहाऱ्याला होता. डिसेंबरात जपान्यांनी तिथल्या किनाऱ्यावर फौज उतरवली. पुढं साडेतीन वर्षं त्या मुलखाचं होत्याचं नव्हतं झालं. जपान्यांनी रेल्वेचे रूळ टाकायला नेलेले किती मजूर परतलेच नाहीत. इकडं गावात एक उर्दू कागद आला. पटवाऱ्यानं चावडीवर मोठ्यानं वाचला : रामहरी मफरूर. म्हणजे फरार. झालं! रांगतं लेकरू पळपुट्याचं पोरगं ठरलं. आबांच्या आईनं, धुरपताबाईनं, तो कागद ट्रंकेत कोंबला आणि मरेपर्यंत कुणाला दाखवला नाही.

यंदा ग्रामपंचायत फौजेत गेलेल्यांच्या नावांची फरशी बसवायलीय. मी म्हणलं, पणजोबांचंही नाव घालू. आबा खवळले, "पळपुट्याचं नाव कशाला? अजून हसं करून घ्यायचंय का?" ग्रामसेवकाचं वेगळंच. पुरावा आणा म्हणे. कागद नेला तर म्हणतो, उर्दू आमाला येत न्हाई, मराठीत आणा. तीन हेलपाटे घातले. डोकं नुसतं भणभणलं माझं!

शेवटी परभणीला काझी सरांकडं गेलो. उर्दू शाळेतून रिटायर झालेले. आबा बडबडतच आले, "एकदाचं वाचून घे, म्हंजे तुझं तोंड बंद होईल."

सरांनी भिंग लावलं. "मफरूर कुठंय? मफकूद लिहिलंय. बेपत्ता. काफ अक्षरावरचे दोन नुक्ते साफ दिसायलेत की."

दोन ठिपके! त्या पटवाऱ्याला दोन ठिपके दिसले नाहीत! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणलं, "चला आबा, आत्ताच्या आत्ता गावाला दाखवू."

आबा उठेनात. कागदावर हात ठेवून बसले.

"गावाचं सोड गं. दर भाद्रपदात आईच्या नावानं ताट वाढलं. बापाच्या नावानं घास बी ठेवला न्हाई. पळून गेला म्हणून. मीच त्याला उपाशी ठेवला."