कानफाट बँडमधली ताई

ताईने ड्रमची काठी फेकून टोच्याचा पुढचा दात पाडला, तेव्हा तो अजून माझा नवरा झालेला नव्हता. भर कार्यक्रमात, गाणं चालू असताना. टोच्या मागे वळून माइकमधून म्हणाला होता, "जरा हळू बडव की गं म्हशे, मला श्वास तरी घेऊ दे." ताईने डाव्या हाताने ठेका चालू ठेवला आणि उजव्या हातातली काठी नेम धरून फेकली. टोच्याने रक्त थुंकलं, उरलेलं कडवं गायलं आणि मगच तिच्या अंगावर धावून गेला. लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. पुढच्या वेळी समोरची पोरं ओरडत होती, "दात पाडा! दात पाडा!"

अशा माणसाशी मी लग्न केलं आणि अशा बाईची मी सख्खी बहीण आहे. त्यामुळे कानफाट बँड इतकी वर्षं कसा टिकला, असं कुणी कौतुकाने विचारलं की माझं कपाळ ठणकायला लागतं. मैत्रीने टिकला असेल, असं त्यांना वाटत असतं. मैत्रीने टिकणारे बँड मी पाहिलेत. दोन वर्षांत गळ्यात गळे घालून रडतात आणि आपापल्या घरी जातात.

आमच्या बाबांचं गॅरेज होतं. अपघात झालेल्या गाड्या यायच्या. मेकॅनिक इंजिन बघायचा, रंगारी रंग मारायचा, आणि मधलं काम ताईचं, पत्र्याला पडलेले पोचे काढायचं. आतून लोखंडी ठोकळा धरायचा, बाहेरून हातोडी चालवायची, हाताचा तळवा फिरवून पाहायचं, पुन्हा ठोकायचं. गिऱ्हाईक यायचं, ताईकडे बघून म्हणायचं, "बाबा कुठेत तुझे?"

"आत आहेत," ताई मान वर न करता म्हणायची. "त्यांना पोचे काढता येत नाहीत. गाडी ठेवताय की नेताय?"

पत्रा ठोकता ठोकता ती ड्रम शिकली, असं पुढे एका मासिकात छापून आलं. साफ खोटं. ती शिकली पोलीस बँडमधून निवृत्त झालेल्या एका खडूस माणसाकडे. चुकलं की तो बोटांवर पट्टी मारायचा. ताई त्याचा मनापासून तिरस्कार करायची आणि एक दिवस शिकवणी चुकवायची नाही. डोक्यात गेलेल्या माणसाला सोडून जायचं नाही, हा तिचा स्वभाव. टोच्याला हे कळायला फार वेळ लागला.

टोच्या छापखान्यात कागद कापायचा. काटकुळा अंगाने, आणि बोलणं असं की टोचल्याशिवाय वाक्य संपायचं नाही, म्हणून टोच्या. गिटार वाजवणारा शाळेत भूमिती शिकवायचा, त्याला सगळे मास्तर म्हणत. बेस गिटारवाला थंड्या शीतगृहात कामाला होता आणि स्वभावानेही तसाच. या थंड्याच्या मामाने, तो बोटीवर होता, परदेशातून एका पंक बँडची कॅसेट आणली. पंक म्हणजे काय ते कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्यातला शब्दही कळत नव्हता. पण कुणीतरी कुणावर तरी जाम चिडलंय, एवढं कळत होतं. आपणही चिडलेलो आहोत, हे चौघांच्या एकदमच लक्षात आलं.

सुरुवातीची गाणी दीड मिनिटात संपायची. "साहेब जेवायला गेलेत" हे सगळ्यात गाजलेलं. त्यात तेवढं एकच वाक्य होतं आणि ते टोच्या नरडं फाटेस्तोवर ओरडायचा. मागे ताई अशी सुटायची की उरलेले तिघे तिच्यामागे धापा टाकत पळायचे. खुर्च्या मोडायच्या. सभागृहवाले पुन्हा दार उघडायचे नाहीत. ही सगळी भांडणं ताईच निस्तरायची, म्हणजे समोरच्याला घाम फुटेपर्यंत बोलायची.

मी टोच्याशी लग्न करणार असं ताईला सांगितलं तेव्हा ती गाडीखाली पडून काम करत होती. तिथूनच म्हणाली, "गाढवाशी केलं असतंस तर निदान ओझं तरी वाहिलं असतं त्याने."

"तू येणार आहेस का नाही?"

"येईन. कोणाला तरी तोंड वाकडं करून बसायलाच हवं."

आली, आणि बसली तशीच. सगळ्या फोटोंत आहे.

मग मास्तरने कीबोर्ड घेतला आणि आमच्या संसारात बिब्बा पडला. गाणी हळूहळू लांबायला लागली. दीड मिनिटाची चार मिनिटांची झाली. टोच्या ओरडायचा तो गायला लागला, डोळे मिटून, हात छातीवर ठेवून. रेडिओवर वाजायला लागलं. जुनी पोरं, जी खुर्च्या मोडायची, ती कार्यक्रमात येऊन पाठ करून उभी राहायची. एकदा कुणीतरी मास्तरच्या कीबोर्डवर दही ओतलं. ताई म्हणाली, "वाया घालवलं."

पण वाजवत होती. तोंडाने शिव्या, हाताने ठेका.

आणि एका दुपारी गॅरेजमधल्या रेडिओवर कानफाटचं नवं गाणं लागलं. ताई एका गाडीच्या दाराला हात लावून उभी होती. ड्रम ऐकले आणि तिने रेडिओ जवळ ओढला. ते हात तिचे नव्हते. हातच नव्हते ते, मशीन होतं. टोच्याने तिला न सांगता तिचं वाजवणं काढून टाकलं होतं आणि जागी यंत्राचा ठेका भरला होता. मास्तरला माहीत होतं. थंड्याला माहीत होतं. मला नव्हतं, पण हे ताईने आजतागायत मानलेलं नाही.

ती हत्यारांची पेटी घेऊन आमच्या घरी आली. मी पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवते, मशीन पुढच्या खोलीत खिडकीशी असतं. त्यामुळे मला सगळं दिसलं. खाली टोच्याची नवी गाडी उभी होती, आयुष्यातली पहिली. ताईने कोट काढून घडी करून कठड्यावर ठेवला. पेटीतून हातोडी निवडली. आणि बॉनेटपासून सुरुवात करून, घाई न करता, एकेका भागावर पोचे पाडत गेली. काच फोडली नाही. रंग उडवला नाही. सारख्या अंतरावर, सारख्या खोलीचे, वाटीएवढे पोचे. जन्मभर जे काढले तेच पाडत होती, आणि तितक्याच मन लावून.

टोच्या बनियनवर धावत खाली गेला. "वेड लागलंय का तुला?"

"मशीनला सांग काढायला," ताई म्हणाली.

हे ती त्याच्याशी बोललेलं शेवटचं वाक्य, पुढची कित्येक वर्षं.

मला वाटलं, संपलं. आता ही बँड सोडेल आणि माझ्या घरात शांतता नांदेल. मी तिला विचारलंही. ती माझ्याकडे असं बघायला लागली की जणू मीच मूर्ख. "मी का सोडू? बँड माझा आहे. जायचं तर त्याने जावं." घरी येऊन टोच्याला विचारलं. तो म्हणाला, "मी का जाऊ? बँड माझा आहे."

दोघंही गेले नाहीत. ताई एकटी दिसली तर मास्तर रस्ता बदलायचा. तालमीला मात्र चौघंही वेळेवर. आणि निरोप्या कोण, तर मी.

"तुझ्या नवऱ्याला सांग, तिसऱ्या गाण्यात बेसूर होतोय."

"तुझ्या बहिणीला सांग, तिचे कान गॅरेजमध्ये गेलेत."

एकाच खोलीत, हातभर अंतरावर बसून. माझी मुलगी लहानपणी समजायची की मावशीला आणि बाबांना एकमेकांची भाषा येत नाही. मी कितीदा म्हटलं, मेल्यांनो, माझ्या जिवावर का उठलात? पण त्या दोघांचं एका बाबतीत एकमत होतं, की निरोप पोचवायला मी बरी आहे.

अशी वर्षं गेली. बाबा गेले, गॅरेज ताईच्या नावावर झालं. छापखाना बंद पडला, टोच्या शाळेच्या वह्यांच्या कारखान्यात लागला. रेडिओवर वाजणं केव्हाच थांबलं. कीबोर्ड माळ्यावर गेला, मशीनही गेलं, कारण ताईसमोर ते चालू करायची कुणाची छाती नव्हती. लोक जुनी गाणी मागायचे आणि हे जुनी गाणी वाजवायचे. पोटं सुटलेली माणसं खाली उड्या मारायची आणि मग कंबर धरून बसायची.

मग ताईचा उजवा खांदा गेला. इकडे हातोडी, तिकडे काठी, किती सोसेल? डॉक्टरांनी हात वर उचलायला सांगितला तर तो खांद्याच्या रेषेपलीकडे जाईना. "आता ड्रम विसरा," ते म्हणाले. ताईने त्यांना विचारलं, "तुम्हाला टक्कल पडल्यावर तुम्ही कंगवा विसरलात का?" मी तिथे होते. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

टोच्याने ऐकलं आणि खरं सांगते, त्याचा चेहरा उजळला. "तुझ्या बहिणीला सांग, मोठा निरोपाचा कार्यक्रम करू. हार घालू. नवा मुलगा बघितलाय मी, वीज आहे वीज."

मी सांगितलं. ताईने हार कुठे घालायचा ते सांगितलं. ते मी पोचवलं नाही.

पुढच्या तालमीला ती आधी जाऊन बसली. वरचे ड्रम आणि उंच झांजा काढून भिंतीशी लावल्या होत्या. जे उरलं होतं ते सगळं कमरेखाली, बसक्या उंचीवर. आणि तिने वाजवायला सुरुवात केली, निम्म्या गतीने. एक घाव. मग इतका वेळ काही नाही की वाटावं, विसरली. मग दुसरा. मला खिडकीची तावदानं थरथरताना दिसली.

"तिला सांग, गाणं मेलंय का?" टोच्या म्हणाला.

"त्याला सांग, गा," ताई म्हणाली.

त्याने "साहेब जेवायला गेलेत" सुरू केलं. त्या गतीत ते भयंकर वाटत होतं. प्रत्येक शब्द सुटा, उघडा पडलेला. दोन मिनिटांनी टोच्या थांबला. त्याचे कान लाल झाले होते. जन्मभर ताईच्या वेगात काहीही खपून गेलं होतं. आता पहिल्यांदा सगळ्यांना नीट ऐकू येत होतं की या माणसाकडे सांगण्यासारखं काही नाही.

घरी येऊन तो आठवडाभर धुमसत होता. जेवताना ताटाकडे बघून पुटपुटायचा. मग त्याने गाणं लिहिलं. ताईवर. नाव न घेता, पण ओळख लपणार नाही असं. आमच्या मुलीला जन्मानंतर एकदाही मांडीवर न घेणारी, बाप आजारी असताना त्याच्याशी रंगाच्या डब्यावरून भांडणारी, कुणाचं भलं झालेलं न बघवणारी बाई. त्यात एकही ओळ खोटी नव्हती, म्हणून मला ते जास्तच लागलं. मी म्हटलं, "हे तिच्यासमोर गाणार तू?"

"समोर कशाला? ती मागे बसते," टोच्या म्हणाला.

ताईने तालमीत गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. मी दारात उभी होते. ती मास्तरला म्हणाली, "दुसरं कडवं बरं आहे. तिथे मी थांबते. त्याला एकट्याला बोलू दे."

कार्यक्रम होता बंद पडलेल्या बस आगाराच्या शेडमध्ये, दुपारी. जुने लोक जमले होते, काळे शर्ट पोटावर ताणलेले. पहिला संथ घाव पडला आणि कुजबुज झाली. तिसऱ्या गाण्याला बाटल्या यायला लागल्या. "म्हातारे, झोप आली का?" "वेगात वाजव नाहीतर घरी जा!" एक जण मंचावर चढला आणि ताईच्या तोंडासमोर टाळ्या वाजवून तिला गती दाखवायला लागला. ताईने डाव्या हाताने त्याची कॉलर धरली, त्याला खाली बसवलं आणि उजव्या हाताने पुढचा घाव घातला, वेळेवर. तो तिथेच बसून राहिला.

मग टोच्या ते गाणं गायला. दुसऱ्या कडव्याला ताई थांबली आणि त्याला एकट्याला बोलावं लागलं. तो माइक घेऊन वळला आणि तिच्याकडे बघून सगळं म्हणाला, मुलगी, बाप, रंगाचा डबा. आवाज फुटलेला, दम कमी. शेडमध्ये कुणी हललं नाही. ताई त्याच्याकडे बघत होती, तोंड तसंच वाकडं. त्याचं संपल्यावर तिने इतका जोरात घाव घातला की थंड्याच्या हातातून तार सुटली.

अर्धे लोक शिव्या घालत निघून गेले. राहिले ते पुढच्या कार्यक्रमाला आणखी लोक घेऊन आले, निम्म्या वयाचे. त्या गतीची पूर्ण तबकडी निघाली. एका समीक्षकाने "कानफाटची परिपक्वता" असं लिहिलं. ताईने त्याला फोन करून विचारलं, "आम्ही काय फणस आहोत?"

परवा ती आमच्या घरी आली, मी पडद्याला दुमड घालत होते. टोच्या आरामखुर्चीत होता. ताई उभ्या उभ्याच, त्याच्याकडे बघून म्हणाली, "शेवटच्या ओळीत तू घाई करतोस."

मी मशीन थांबवलं. टोच्याने पेपर खाली केला.

"तू उशीर करतेस."

"मी उशीर करत नाही. तुला दम पुरत नाही."

"माझा दम काढू नकोस. तुझा हात चालत नाही ते बघ."

दोघंही सुटले. इतक्या वर्षांचं साठलेलं, एकमेकांच्या तोंडावर. निरोप्याची गरज उरली नव्हती. मी पडदा मशीनवरून काढला, आतल्या खोलीत नेला आणि दार लावून घेतलं. तरी ऐकू येतच होतं.