भिंगरीचा दगड

माझ्या नवऱ्याचं केस कापायचं दुकान आहे. दोन खुर्च्या, एक लांब आरसा, आणि आरशाखालच्या फळीवर कंगव्यांच्या शेजारी दगड. गुळगुळीत, आत्ताच पाण्यातून काढल्यासारखे. एखाद्या गिऱ्हाइकाने नुसतं विचारावं, "हे कुठून आणले?" की संपलं! तो बिचारा गालाला साबण फासून बसलेला, आणि हे त्याला दगड कसा घासतात ते सांगतायत. एरवी दिवसभरात चार वाक्यं बोलतील तर शपथ.

सुट्टीच्या दिवशी आमची बाल्कनी म्हणजे यांचा कारखाना. पाण्याचा टब, मांडीवर जुना टॉवेल, दोरीवर चिमट्यांनी अडकवलेले पॉलिश पेपर. खरखरीत ऐंशी नंबरापासून मऊ दोन हजारापर्यंत. आधी दगडावर आकार आखायचा, मग ऐंशीने तिथपर्यंत झिजवायचा, मग एकेक नंबर वर चढत जायचं. नंबर बदलला की पाणीही बदलायचं, नाहीतर जाड पेपरचा एखादा कण मागे राहतो आणि आठवड्याच्या कामावर ओरखडा ओढतो. यंत्र नाही, काही नाही, सगळं हाताने. दाढी झाल्यावर गालावरून उलटा हात फिरवतात तसा दगडावर फिरवणार आणि म्हणणार, "अजून आहे." काय आहे ते मला कधी दिसलं नाही. मी म्हणायचे, "माझ्या तोंडाकडे बघितलंत का कधी इतकं निरखून?" तर म्हणे, "तुला घासून काय उपयोग!" असा विनोद वर्षातून एखादा, बाकी मौनव्रत.

मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत आहे. चादरी, डॉक्टरांचे कोट, उशांचे अभ्रे. सव्वीस वर्षं डागांशी भांडतेय. आणि लपवून काय करायचंय, माझा राग नाकाच्या शेंड्यावर. लाँड्रीतल्या पोरी मला मागून भडकाबाई म्हणतात. त्यांना वाटतं मला कळत नाही.

आम्हाला एक मुलगी होती. एका जागी ठरायची नाही म्हणून भिंगरी. नऊ वर्षांची असताना तापाने गेली, आठवड्याभरात. बावीस वर्षं झाली, पण हे मी अजून पटकनच सांगून टाकते.

ताप यायच्या दोन दिवस आधी तिने शाळेच्या सहलीतून एक दगड आणला होता. करडा, तळहातात मावेल एवढा. मी त्या दिवशी कामावर होते. घरी आले तेव्हा हे एवढंच म्हणाले, "भिंगरीने दगड दिलाय करायला." तो दगड यांनी कधीच केला नाही. गिऱ्हाइकांचे केले, शेजाऱ्यांचे केले, कोण कुठल्या मावसभावाच्या साडूचा केला. पोरीचा मात्र रुमालात गुंडाळून कपाटात. मी दर वर्षी भांडायचे. "तिने तुमच्याकडे एक गोष्ट मागितली हो! एक!" यांचं उत्तर ठरलेलं, "होईल." दगडाला पाझर फुटेल पण या माणसाला फुटणार नाही, असं मी त्यांच्या तोंडावर म्हटलंय. एकदा सहा दिवस अबोला धरला. त्यांना तो कळला की नाही, देव जाणे.

गेल्या वर्षी यांच्या अंगठ्यांचे सांधे सुजले. डॉक्टर म्हणाले, दुकान चालवा, पण हे घासणं आजपासून बंद. एका सकाळी बघते तर दोरी रिकामी, सगळे पेपर एका पिशवीत.

"खालच्या मजल्यावरच्या रंगाऱ्याला देतो. त्याच्या कामाला येतील."

"आणि भिंगरीचा दगड?"

पिशवी तिथेच ठेवून यांनी पायात चपला सरकवल्या आणि गेले दुकानात.

माझं डोकंच फिरलं. पेपर गेले की तो दगड या जन्मात होत नाही. म्हटलं, ठीक आहे, तुम्हाला जमत नाही ना, मग मी करते. इतकी वर्षं काय डोळे मिटून बसले होते? दुपारी कामावरून आले, टब भरला, रुमाल सोडला. दगडाच्या एका अंगाला फिकट निळा, कड्यासारखा डाग होता. शाई सांडली असेल म्हटलं. डाग दिसला की माझे हात शिवशिवतात. ऐंशीचा पेपर भिजवला आणि सगळ्यात आधी तोच काढला. दोन मिनिटांत साफ. मला इतकं बरं वाटलं! पोरीचं काम एकदाचं सुरू झालं, असं मनात म्हणाले आणि घासत राहिले.

संध्याकाळी हे आले. मला टबापाशी बघून दारातच थांबले. मी दगड पुढे केला, जरा तोऱ्यातच. यांनी तो घेतला, उलटा केला, सुलटा केला, नळाखाली धरला.

"रेघ कुठे आहे?"

"कसली रेघ?"

"निळी."

"तो डाग? काढला मी."

हे तिथेच स्टुलावर बसले. चार शिव्या हासडल्या असत्या तरी चाललं असतं. पण यांचं तोंड बघवेना.

"डाग नव्हता तो," ते म्हणाले. "भिंगरीने काढली होती रेघ. मेणाच्या खडूने. मीच शिकवलं होतं, आधी आखायचं म्हणून. दगडावर अंगठा ठेवला आणि भोवतीने रेघ ओढली. म्हणाली, पप्पा, इथे खळगा करा. आईला द्यायचाय. आई चिडली की इथे अंगठा फिरवत बसेल, मग आपल्याला ओरडणार नाही."

मला आधी हसूच आलं. काय कार्टी होती! मग जे रडू फुटलं ते काही केल्या थांबेना. मधेच माझा स्वभाव उसळला, तशा रडण्यातही मी ओरडले, "अहो, मग मला सांगायला काय झालं होतं? इतकी वर्षं तुम्हाला नाही नाही ते बोलले मी!"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, करून द्या. करायला घेतला असता तर पहिल्या हातालाच रेघ गेली असती." मग म्हणाले, "तिने शेवटचं काढलेलं तेच होतं गं."

या माणसाने माझे सगळे टोमणे गिळले ते त्या रेघेपायी, आणि मी ती दोन मिनिटांत पुसून टाकली होती. मी त्यांचा सुजलेला हात हातात घेतला.

मग हे उठले आणि पेन्सिल घेऊन आले. बोटं नीट वळत नव्हती, तरी कुठेही न अडखळता दगडावर एक छोटा लांबट गोल काढला.

"एवढाच?" मी विचारलं.

"एवढाच. रोज बघायचो."

पेपर पुन्हा दोरीवर चढले. घासायची मी, शेजारी स्टुलावर हे. खळग्यासाठी लाकडी काडीला पेपर गुंडाळायला यांनी शिकवलं. रोज हे दुकानातून आल्यावर तासभर, असे पाच आठवडे गेले. यांनी मला एवढं ऐकवलं की लग्नापासूनचा सगळा कोटा भरून निघाला. "जोर नको लावूस. पाणी बदललंस का? अजून आहे." मी दोनदा पेपर फेकून उठले आणि दोनदा परत येऊन बसले.

शेवटी दोन हजाराचा हात झाला. यांनी दगड पुसला आणि माझ्या हातात दिला. मी खळग्यात अंगठा ठेवला. अंगठा बसेना. नुसतं टोक आत गेलं आणि कडेला अडलं. नऊ वर्षांच्या पोरीने आपल्याच अंगठ्याचं माप घेतलं होतं.

यांनी ते पाहिलं. हळूच म्हणाले, "थोडा मोठा करू या का?"

"खबरदार हात लावाल तर!" मी ओरडले.