डाव्या बाजूचा आवाज

मी पदवीधर झालो तो मुरुमच्या माझ्या मामांमुळे. लग्नकार्यात लाउडस्पीकरचे कर्णे लावून त्यांनी मला शिकवलं. तारांना डाख देताना तापलेल्या राळेचा वास आला की एक दुपार आठवते. दुष्काळानं लग्नं पुढं ढकलली होती, कर्णे माळ्यावर पडून होते. तेवढ्यात ढोकीच्या साखर कारखान्यातल्या एका साहेबांनी घरासाठी दोन स्पीकर-खोक्यांचा स्टिरिओ करायला सांगितला. हा जमला तर साहेब लोकांची आणखी कामं येतील, एवढीच मामांना आशा होती. पत्र्याखाली घामानं निथळत आम्ही तारा जोडल्या, समोर दोन खोके मांडले आणि रेकॉर्ड लावली. “डावा खोका मुका हाय रं,” मामा म्हणाले. मला तर दोन्ही ऐकू येत होते. त्यांनी तारांची अदलाबदल केली, मग खोक्यांची. तरी मुका डावाच. “कॉलेजात शिकून हेच जोडलंस व्हय?” ते हसले. मी त्यांना खांद्यांना धरून पाठमोरं फिरवलं. थोडा वेळ ऐकून ते हळूच म्हणाले, “आता दुसराच मुका झाला की.” आणि डाव्या कानावर हात ठेवून खाली बसले. दोन बाजूंचा आवाज एका कानानं जुळवता येईना, म्हणून साहेबांचं काम त्यांनी परत केलं. नोकरी लागल्यावर मी शहरातल्या डॉक्टरांना विचारलं आणि मामांना लिहिलं, “मोठ्या आवाजानं गेलेला कान परत येत नाही म्हणतात. राहिलेला जपा. माझ्यासाठी तुम्ही कर्ण्याजवळ पुष्कळ उभे राहिलात, आता नका राहू.”