कपाटावरचा खोका

हिवाळ्यात शारजाच्या खाडीवरून सकाळी जो वारा येतो, त्यात ओल्या मिठाचा आणि खालच्या हॉटेलात भाजल्या जाणाऱ्या पराठ्यांचा असा मिश्र गंध असतो. शुक्रवारी तो गंध खिडकीतून आत आला की माझा हात आपोआप सीडी प्लेयरकडे जाई. सुट्टीची ती निवांत सकाळ. अल मजाजमधल्या आमच्या दिवाणखान्यात उन्हं निम्म्या गालिच्यापर्यंत येऊन विसावलेली, उपम्यावर ओलं खोबरं भुरभुरलेलं, आणि समोरच्या घरातून रेहानाभाभी घावनांचा डबा घेऊन आलेल्या. भाभींचे यजमान अब्बासभाई जुम्म्याच्या नमाजाला निघेपर्यंत आमची मैफल चाले. एक नाट्यगीत आमचं, एक गझल त्यांची. पाळी चुकलेली भाभींना मुळीच खपत नसे.

एक आठवडा आमच्याकडे, एक त्यांच्याकडे, आणि दोन्ही घरांत प्लेयर अगदी जुळे. शॉपिंग फेस्टिव्हलच्या गर्दीत आम्ही दोघींनी ते एकाच संध्याकाळी घेतले होते. भाभींनी त्यांचा खोका त्याच रात्री कचऱ्यात टाकला आणि मी माझा थर्माकोलसकट दिवाणखान्यातल्या कपाटावर चढवला. आखातात आलेल्या आमच्यासारख्यांना खोके जपण्याचं व्यसनच असतं. मिक्सर, टोस्टर, इस्त्री, प्रत्येक वस्तू घरात येते ती परतीच्या प्रवासाचे कपडे सोबत घेऊनच. माझा नवरा श्रीकांत त्या रचलेल्या खोक्यांना ‘आपलं वरचं बिऱ्हाड’ म्हणायचा. भाभी मात्र दापोलीहून नवी नवरी म्हणून इथे आलेल्या, मुलं इथेच जन्मलेली. त्या माझी थट्टा करायच्या. “खोक्याला काय जपतेस गो एवढं? त्याला काय दूध पाजायचंय?”

मग २००८ची ती दिवाळी सरली आणि मंदीने खाडीपलीकडच्या क्रेन एकेक करून थांबल्या. रात्रंदिवस चालणारं बांधकाम बंद पडल्यावर इतकी शांतता पसरली की सकाळी साळुंक्यांची कलकल ऐकू यायला लागली, आणि ती ऐकून बरं वाटावं की धास्ती, हेच कळेना. श्रीकांतच्या ऑफिसातल्या खुर्च्या रिकाम्या होत होत्या. “मार्चपर्यंत तरी आहे,” एवढंच तो सांगायचा, आणि आम्ही तेवढ्यावर भाजी चिरायला घ्यायचो.

नेमका त्याच दिवसांत आमचा प्लेयर आजारी पडला. गाणं सुरू व्हायचं, रंगायचं, आणि ऐन तानेत एकाच अक्षरावर अडखळून तिथेच घुटमळत राहायचं. मी फुंकर मारून पाहिली, मऊ फडक्याने पुसून पाहिलं, चार शब्द सुनावूनही पाहिले. शेवटी रोलाच्या बाजारात रिपेअरवाल्याकडे नेला, तर तो म्हणाला, “भाभी, नया ले लो. लेन्स बदलूँगा, पर गॅरंटी नहीं. आजकल तो लोग चालू पीस छोड़ के जा रहे हैं.” त्याच्या मागच्या फळीवर असे सोडून दिलेले कितीतरी प्लेयर, ओव्हन, टीव्ही दाटीवाटीने बसले होते. नवा घ्यावा, तर उद्याचा भरवसा नाही. दुरुस्त करावा, तर त्याचाही नाही. मी प्लेयर तसाच पिशवीत घालून परत आणला आणि त्या शुक्रवारी आम्ही भाभींकडे जमलो.

पुढच्याच आठवड्यात अब्बासभाईंची कंपनी खलास झाली आणि त्यांचं दापोलीला परतायचं ठरलं. भाभी दारात आल्या तेव्हा रडून झालं होतं बहुतेक, कारण आवाज अगदी कोरडा होता. “माझा प्लेयर तूच घे, मेधाताई. माझ्याकडे खोका नाय. सामानात टाकला तर फुटून जाईल.”

“आई, जस्ट टेक इट ना. इट्स द सेम वन,” माझी लेक म्हणाली, आणि तिचं काहीच चुकत नव्हतं. चालू वस्तू आपल्या पायांनी घरी येत होती. पण मला ती नकोशी झाली. भाभींचा प्लेयर आमच्या घरी गाणार आणि भाभी दापोलीत गाण्यावाचून बसणार, हे मला सोसवेना.

दुपारी घरात कोणी नसताना मी स्टुलावर चढून खोका खाली काढला. त्यावर वाळूची तलम साय धरली होती. बराच वेळ मी तो मांडीवर घेऊन बसले. खरं सांगते, द्यायला जीव होत नव्हता. मार्च तोंडावर आला होता, उद्या आम्हालाही निघावं लागलं तर? तो खोका कपाटावर आहे तोवर घरी जायची वाट मोकळी आहे, असं काहीतरी वेडं मनात धरून मी इतकी वर्षं इथे निर्धास्त झोपले होते.

संध्याकाळी मी तो भाभींकडे नेला. त्यांचा प्लेयर थर्माकोलच्या खाचांत असा बसला, जणू खोका त्याचाच होता. श्रीकांतने विचारलं, “आणि आपला?”

“आपला राहील इथेच,” मी म्हणाले, आणि माझ्याच आवाजाचं मला नवल वाटलं.

भाभी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पुन्हा रोला गाठलं. रिपेअरवाल्याने लेन्स बदलली आणि “इन्शाल्ला चलेगा” म्हणून हात झटकले. प्लेयर चालला. सुरू होण्याआधी क्षणभर विचार करतो, पण गातो. मार्चही निभावला, श्रीकांतचा पगार कापला गेला, नोकरी राहिली. आता क्रेन पुन्हा फिरू लागल्या आहेत, समोरच्या घरात एक केरळी कुटुंब आलं आहे, आणि शुक्रवारी मी अजूनही भाभींच्या पाळीची गझल न चुकता लावते.

परवा त्यांचा फोन आला. पलीकडे कोंबड्यांचा कलकलाट आणि त्यातच प्लेयरचा सूर. गप्पा संपता संपता त्या म्हणाल्या, “तुझा खोका माळ्यावर ठेवलाय गो. कोणाला हात लावू देत नाय. परत यायचं झालं तर लागेल ना?”

मी हसले, आणि हसता हसता माझी नजर कपाटाकडे गेली. खोक्याच्या जागी मी मनीप्लांटची कुंडी ठेवली होती. तिची वेल खाली उतरत प्लेयरपर्यंत आली आहे. कुंडी हलवायची झाली तर आता वेल तोडावी लागेल.