तीनशे बारा शिफारशी

घाटंजीत रहेमानभाईंचं फवारणीपंप दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांची मुलगी फरहाना दुकानात बसूनच कापसावरची मराठी वेबसाईट चालवायची. पंप कसा धुवावा, बोंडअळी कशी ओळखावी, असलं काहीबाही लिहायची. वाचणारे मोजकेच. गूगलवर शोधलं तर तिची साईट तिसऱ्या पानावर सापडे.

एका वर्षी बोंडअळीनं कापूस खाल्ला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात बियाण्याच्या एका कंपनीचा माणूस आला. अळी न लागणाऱ्या वाणावरचा लेख त्यानं दिला. फोटो झकास होते. फरहानानं तो न तपासताच साईटवर टाकला.

आठ दिवसांत लेख गूगलवर सगळ्यांत वर!

"तुहं नाव झालं, बेटी," अब्बा खूश झाले.

"पण काहून झालं, अब्बा?" तिच्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या साईटवाल्यांनी आपल्या पानाची लिंक दिली, की ती शिफारस धरली जाते आणि पान वर चढतं, हे तिला ठाऊक होतं. पण आपली शिफारस करतंय कोण? तिनं यादी काढली. तीनशे बारा साईट. एक केसांच्या तेलाची, एक मंगल कार्यालयाची, एक चक्क जुगाराची. सगळीकडे तेच वाक्य, तीच तारीख.

तेवढ्यात महागावहून विमलताई नावाच्या शेतकरी बाईंचा फोन आला. "तुमचं वाचूनच आम्ही बियाणं घेऊन राह्यलो. खरं हाय ना, बाई?"

"थांबा, ताई. अजून घेऊ नका," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

तिनं त्या माणसाला फोन लावला. "ह्या लिंका तुम्हीच पेरल्या ना?"

"तुमचाच फायदा होऊन राह्यला ना, मॅडम?" तो हसला. नाही म्हणाला नाही.

फरहानानं लेख काढला. त्या जागी लिहिलं, 'हे मी तपासलं नव्हतं. चूक माझी.' पुढं त्या पेरलेल्या लिंकांपायी गूगलवर साईट अशी घसरली, की तिसऱ्या पानावरही दिसेना. अब्बा हळहळले. ती मात्र लिहीत राहिली.

दोन वर्षांनी यवतमाळच्या एका शेतीशिक्षकानं आपल्या साईटवर तिची लिंक दिली. तिनं लगेच फोन केला. "सर, माही लिंक कायले दिली?"

"वाचलं, पटलं. अजून काय?"

फरहानानं आभार मानले, फोन ठेवला आणि आपणही त्यांची लिंक देण्याआधी त्यांची अख्खी साईट पहिल्या पानापासून वाचायला घेतली.