कुजक्या बांबूंना पॉलिश

काकू टोपल्या विणायच्या, पण त्यांचा सगळा जीव मागच्या अंगणातल्या कुजक्या बांबूंवर. एकावर पांढरी बुरशी, दुसऱ्यावर नारिंगी कानांसारखी, तिसऱ्यावर नुसते काळे ठिपके. काकू रोज एकेकीची विचारपूस करायच्या.

काका फर्निचरला पॉलिश करणारे. त्यांना ते कळकट बांबू बघवेनात. काकू खूश होतील म्हणून एका दुपारी त्यांनी सगळे बांबू घासूनपुसून चकाचक पॉलिश मारलं. काकूंचं डोकंच फिरलं. त्यांनी अबोला धरला.

महिनाभराने काकाच अंगणातून ओरडले, “अगं, लवकर ये! माझं पॉलिश फोडून बाहेर आलीत तुझी पोरं!”

काकूंना हसू आवरेना.

आता काकांच्या बांबूच्या आरामखुर्चीलाही नारिंगी कान फुटलेत. काका जमिनीवर बसतात, पण खुर्चीला ब्रश लावत नाहीत.